कृपेने तारण (ख्रिस्ती सिद्धांत)

कृपेने तारण हा ख्रिस्ती धर्मशास्त्रातील एक मूलभूत सिद्धांत आहे. मनुष्याचे पापापासून होणारे तारण हे त्याच्या सत्कृत्यांचा, विधिपालनाचा किंवा तपश्चर्येचा मोबदला नसून देवाने येशू ख्रिस्ताद्वारे दिलेले दान आहे आणि मनुष्य ते विश्वासाने स्वीकारतो, असे हा सिद्धांत सांगतो. नव्या करारातील पौलाची पत्रे, विशेषतः रोमकरांस, गलतीकरांस आणि इफिसकरांस लिहिलेली पत्रे, हा त्याचा प्रमुख आधार होय. तारणाचा आरंभ देवाच्या कृपेने होतो याविषयी कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि प्रोटेस्टंट या तिन्ही प्रवाहांत एकमत आहे. मतभेद आहे तो त्या कृपेला मनुष्याने दिलेल्या प्रतिसादाचे, म्हणजेच विश्वास आणि कृत्ये यांचे, तारणातील स्थान कोणते याविषयी. सोळाव्या शतकात पश्चिम युरोपातील चर्च दुभंगण्यामागे हा वाद प्रमुख कारणांपैकी एक होता.

मराठी भाषेत या सिद्धांताचे दोन स्वतंत्र वारसे आहेत. एक वसई परिसरातील कॅथलिक समाजाचा. तो पोर्तुगीज काळापासून, म्हणजे सुमारे पावणेपाचशे वर्षांपासून चालत आला आहे. दुसरा एकोणिसाव्या शतकातील प्रोटेस्टंट मिशनांतून आलेला. बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई आणि नारायण वामन टिळक ही त्यातील ठळक नावे. दोन्ही वारशांचा एकमेकांशी संपर्क दीर्घकाळ फारच थोडा होता. त्यामुळे एकाच सिद्धांतासाठी मराठीत दोन प्रकारची परिभाषा घडली.

संज्ञा

या सिद्धांताच्या मराठी चर्चेत तारण, कृपा, विश्वास आणि कृत्ये हे चार शब्द वारंवार येतात. त्यांपैकी प्रत्येकाला मराठीत आधीपासूनचा अर्थ आहे, आणि तो अर्थ कधी साहाय्यक तर कधी अडचणीचा ठरतो.

‘तारण’ हा शब्द ‘तारणे’ या क्रियापदापासून आला आहे. बुडत्याला वाचवणे, पैलतीरी नेणे हा त्याचा मूळ भाव होय. दैनंदिन व्यवहारात मात्र तारण म्हणजे कर्जाच्या हमीसाठी सावकाराकडे किंवा बँकेत ठेवलेली मौल्यवान वस्तू. ख्रिस्ती परिभाषेशी या दुसऱ्या अर्थाचा संबंध नाही. उलट तो तिच्या अगदी विरुद्ध टोकाला आहे. कर्जदार स्वतःजवळचे सोने तारण ठेवतो. सिद्धांतानुसार मनुष्याजवळ देवापुढे तारण ठेवण्याजोगे काहीच नसते. ‘मुक्ती’ आणि ‘मोक्ष’ हे शब्दही ख्रिस्ती लेखनात आढळतात, परंतु त्यांत जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका हा अर्थ अंतर्भूत असल्यामुळे अनेक अनुवादकांनी ‘तारण’ अधिक पसंत केला.

‘कृपा’ हा ग्रीक ‘खारिस’ आणि लॅटिन ‘ग्राशिया’ या शब्दांचा प्रतिशब्द आहे. ज्यावर आपला हक्क नाही अशी मर्जी, असा त्याचा आशय. मराठी वाचकाला तो समजावून सांगावा लागत नाही. गुरुकृपा, कृपादृष्टी, अनुग्रह हे शब्द संतवाङ्मयाने घराघरांत पोहोचवले आहेत.

ग्रीक ‘पिस्तिस’ या शब्दासाठी प्रोटेस्टंट लेखनात प्रामुख्याने ‘विश्वास’ आणि कॅथलिक लेखनात पुष्कळदा ‘श्रद्धा’ हा शब्द येतो. मूळ ग्रीक शब्दात भरवसा आणि निष्ठा या दोन्ही छटा आहेत. एखादे विधान बुद्धीला पटणे एवढाच त्याचा अर्थ नाही. याकोबाच्या पत्रात तर देव एकच आहे हे दुष्टात्म्यांनाही मान्य असते, असे उपरोधाने सुचवलेले आहे.

सर्वांत अवघड शब्द चौथा. पौल ज्यांना ‘नियमशास्त्रातील कर्मे’ म्हणतो, ती प्रथमतः मोशेच्या नियमशास्त्राने घालून दिलेली बंधने होत. सुंता, शब्बाथ आणि अन्नविषयक नियम ही त्यांची उदाहरणे. मराठीत ‘कर्म’ म्हटले की पूर्वकर्म, कर्मफल, संचित आणि प्रारब्ध यांचा विचार मनात येतो. त्यामुळे पौलाचे विधान कर्मसिद्धांताच्या खंडनासाठी केले आहे, असा समज होऊ शकतो. पौलासमोर तो सिद्धांत नव्हता. काही अनुवादांतील ‘कृत्ये’ हा शब्द हा गोंधळ काहीसा कमी करतो.

याशिवाय ‘नीतिमान ठरणे’ ही संज्ञा आहे. तिच्यामागे न्यायालयाचे चित्र आहे: आरोपी दोषी असूनही न्यायाधीश त्याला निर्दोष घोषित करतो. ‘ठरणे’ या क्रियापदाने मराठीत हा घोषणेचा अर्थ अचूक पकडला आहे. मात्र देव मनुष्याला केवळ नीतिमान ठरवतो की खरोखर नीतिमान करतो, हाच पुढे वादाचा विषय झाला.

बायबलमधील आधार

इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातील आठ ते दहा ही वचने या सिद्धांताचे सूत्र मानली जातात. तारण कृपेने आणि विश्वासाच्या द्वारे होते, ते मनुष्याच्या कर्तृत्वातून येत नाही आणि म्हणून कोणाला त्याचा अभिमान मिरवता येत नाही, हा पहिल्या दोन वचनांचा आशय. लगेच पुढचे वचन सांगते की देवाने मनुष्याला सत्कृत्यांसाठीच घडवले आहे. वादाच्या ओघात तिसरे वचन पुष्कळदा वगळले जाते.

रोमकरांस पत्रात पौलाने अब्राहामाचे उदाहरण घेतले आहे. अब्राहाम नीतिमान गणला गेला तो सुंता होण्यापूर्वी. म्हणजे विधीमुळे नव्हे, तर देवाच्या वचनावर भरवसा ठेवल्यामुळे, असा त्याचा युक्तिवाद आहे. याकोबाचे पत्र याच अब्राहामाचे उदाहरण घेऊन उलट निष्कर्ष काढते: पुत्राला वेदीवर ठेवण्याच्या कृतीने त्याचा विश्वास पूर्ण झाला, आणि कृत्यांवाचून विश्वास निर्जीव असतो. मार्टिन ल्यूथरला हे पत्र फारसे रुचले नव्हते. बहुतेक भाष्यकार दोघांचे प्रतिपक्ष वेगळे मानतात. विधिपालनाच्या बळावर देवासमोर हक्क सांगणारे लोक पौलाच्या डोळ्यांपुढे आहेत, तर विश्वासाचे नाव घेऊन उपाशी बांधवाला रिकाम्या हाताने परत पाठवणारे याकोबाच्या.

येशूच्या दाखल्यांतही हा विचार आढळतो. उधळ्या पुत्राची क्षमायाचना पूर्ण होण्याआधीच बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो. द्राक्षमळ्यात शेवटच्या तासाला आलेल्या मजुरालाही दिवसभराची मजुरी मिळते आणि सकाळपासून राबलेले कुरकुरतात. परुशी व जकातदार यांच्या दाखल्यात उपवास आणि दशांश यांचा हिशेब मांडणारा नव्हे, तर खाली मान घालून दयेची याचना करणारा नीतिमान ठरून घरी जातो. दुसरीकडे, मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायातील अंतिम न्यायाचे चित्र भुकेल्याला अन्न दिले की नाही, या प्रश्नावर उभे आहे.

ऐतिहासिक विकास

पाचव्या शतकात पेलागियस या तपस्व्याने मनुष्य स्वतःच्या इच्छाशक्तीने देवाच्या आज्ञा पाळू शकतो, असे मत मांडले. हिप्पोचा बिशप ऑगस्टीन (३५४–४३०) याने त्याला कडाडून विरोध केला. मनुष्याची इच्छाच पापाने दुर्बल झालेली असल्यामुळे चांगले इच्छिण्यासाठीसुद्धा कृपा आधी लागते, असे त्याचे प्रतिपादन होते. कार्थेजच्या सभेने (४१८) पेलागियसचे मत नाकारले. ऑरेंजच्या सभेने (५२९) विश्वासाचा आरंभसुद्धा कृपेनेच होतो, असे ठरवले. म्हणजे ‘कॅथलिक चर्च कृत्यांनी तारण शिकवते’ हे वादात नेहमी ऐकू येणारे विधान निदान अधिकृत शिकवणीच्या बाबतीत खरे नाही.

मध्ययुगाच्या अखेरीस व्यवहार मात्र या शिकवणीपासून पुष्कळ दूर गेला होता. पापाची ऐहिक शिक्षा माफ करणारी पत्रे पैसे घेऊन दिली जात. १५१७ साली ल्यूथरने याविरुद्ध ९५ प्रबंध मांडले. पुढे त्याने ‘केवळ विश्वासाने’ हे सूत्र घोषित केले आणि रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायाच्या जर्मन अनुवादात मूळ ग्रीकमध्ये नसलेला ‘केवळ’ हा शब्द घातला. त्यावर टीका झाली तेव्हा, वाक्याचा अर्थ आणि जर्मन भाषेची धाटणी तो शब्द मागतात, असे उत्तर त्याने दिले. १५३० च्या ऑग्सबर्ग कबुलीजबाबाच्या चौथ्या कलमात हे मत ल्यूथरपंथीयांची अधिकृत भूमिका म्हणून नोंदले गेले.

कॅथलिक चर्चने ट्रेंटच्या परिषदेत १३ जानेवारी १५४७ रोजी याविषयी हुकूमनामा काढला. त्यात १६ प्रकरणे आणि ३३ नियम आहेत. पहिलाच नियम देवाच्या कृपेवाचून स्वतःच्या कृत्यांनी नीतिमान ठरता येते, असे म्हणणाऱ्याचा निषेध करतो. नववा नियम केवळ विश्वासाने, म्हणजे इच्छेच्या कोणत्याही सहकार्यावाचून, नीतिमान ठरता येते या मताचा निषेध करतो. ट्रेंटच्या मते कृपा मनुष्याला आतून बदलते. तिने जागी झालेली इच्छा तिला संमती देते, आणि त्यानंतरची सत्कृत्ये ही त्या कृपेचीच वाढ असते.

प्रोटेस्टंट पंथांतही एकवाक्यता राहिली नाही. कॅल्व्हिनपंथीयांनी कृपा मिळणारे लोक देवाने आधीच निवडले असल्याचे मानले. हॉलंडमधील आर्मिनियसच्या अनुयायांनी मनुष्य कृपा नाकारू शकतो असे म्हटले, आणि डोर्टच्या सभेने (१६१८–१९) त्यांचे मत फेटाळले. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चला हा वाद परकाच राहिला. तेथे तारण हे न्यायालयीन निर्णयापेक्षा रोगातून बरे होण्यासारखे आणि देवाच्या जीवनात हळूहळू सहभागी होण्यासारखे समजले जाते.

वसईतील परंपरा

गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने १५३४ साली वसई पोर्तुगीजांना दिली. त्या वेळी ल्यूथरच्या प्रबंधांना १७ वर्षे झाली होती आणि ट्रेंटचा हुकूमनामा निघण्यास आणखी १३ वर्षे होती. फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन आणि ऑगस्टिनियन या चारही संघांनी वसईत काम केले. त्यांच्या चर्चचे अवशेष वसईच्या किल्ल्यात आजही उभे आहेत. त्यामुळे वसईला मिळालेला ख्रिस्ती धर्म प्रामुख्याने ट्रेंटनंतरचा, म्हणजे संस्कार, उपवास, प्रायश्चित्त आणि संतभक्ती यांवर भर देणारा होता. युरोपातील वादाची झळ मात्र येथे पोहोचली नाही. सामवेदी (कुपारी), वाडवळ, कोळी, ईस्ट इंडियन आदी समाजांच्या दृष्टीने प्रोटेस्टंट हा कित्येक पिढ्या केवळ पुस्तकातला शब्द होता.

या काळातील धर्मांतरांचा प्रश्न सिद्धांताच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. पोर्तुगीज सत्तेखाली नवख्रिस्ती लोकांना सवलती मिळत आणि इतर धर्मीयांच्या सार्वजनिक उपासनेवर निर्बंध होते. कृपा मुक्तपणे दिली जाते आणि मुक्तपणे स्वीकारली जाते, असे ट्रेंटची शिकवण सांगत असताना राज्यसत्तेच्या दबावाखाली घेतलेल्या बाप्तिस्म्याला विश्वासाचा स्वीकार म्हणावे का, हा प्रश्न त्यामुळे उभा राहतो. या प्रश्नाचे एक उत्तर पुढच्या इतिहासातून शोधता येते. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, पोर्तुगीज सत्ता गेली आणि तिच्याबरोबर सवलतींचे कारणही गेले. तरी येथील ख्रिस्ती समाजाने मोठ्या संख्येने आपला धर्म टिकवला. धर्मांतराच्या मूळ हेतूंविषयी यावरून निर्णय देता येत नाही. पुढील पिढ्यांची श्रद्धा त्यांची स्वतःची होती, एवढे मात्र म्हणता येते.

वसई धर्मप्रांताची स्थापना मुंबई महाधर्मप्रांताचे विभाजन होऊन १९९८ साली झाली. पापडी येथील त्याचे कॅथीड्रल ‘अवर लेडी ऑफ ग्रेस’, म्हणजे कृपामाता, या नावाचे आहे. हे नाव लूकच्या शुभवर्तमानातील देवदूताच्या अभिवादनाशी निगडित आहे. त्यात मरियेला कृपेने भरलेली असे संबोधले आहे, आणि हे संबोधन तिने होकार देण्यापूर्वीचे आहे. कॅथलिक शिकवणीत म्हणून मरिया ही कृपेच्या प्राथम्याचे पहिले उदाहरण समजली जाते: आधी कृपा, मग होकार, आणि त्यानंतर कृती.

बालकांचा बाप्तिस्मा हे दुसरे उदाहरण. वसईत मूल जन्मल्यावर थोड्याच काळात त्याला बाप्तिस्मा देण्याची प्रथा आहे. मुलाने तोवर ना सत्कृत्य केलेले असते, ना विश्वास प्रकट केलेला असतो. कॅथलिक चर्चच्या दृष्टीने तारण कमावता येत नाही, याची याहून स्पष्ट खूण असू शकत नाही. बॅप्टिस्ट आणि पेंटेकोस्टल मंडळ्या याच प्रथेवर नेमका उलट आक्षेप घेतात. जेथे वैयक्तिक विश्वास नाही तेथे बाप्तिस्म्याला अर्थ नाही, असे त्या मानतात. मुंबईच्या उपनगरी वाढीबरोबर वसई, नालासोपारा आणि विरार या पट्ट्यात केरळ, तमिळनाडू आणि उत्तर भारतातून आलेली कुटुंबे स्थायिक झाली व त्यांच्याबरोबर निरनिराळ्या ख्रिस्ती मंडळ्याही आल्या. शतकानुशतके युरोपापुरता राहिलेला हा वाद त्यामुळे वसईच्या शेजारपाजारात येऊन पोहोचला. ‘तुमचे तारण झाले आहे का?’ हा प्रश्न पेंटेकोस्टल माणसाला साधा वाटतो. पारंपरिक कॅथलिक माणसाला तो चमत्कारिक वाटतो, कारण त्याच्या समजुतीत तारण ही एका तारखेला पूर्ण झालेली घटना नसून मरणापर्यंत चालणारा प्रवास आहे.

वसईतील लोकधर्मात नोव्हेना, नवस, चाळीस दिवसांचा उपवासकाळ आणि मृतांसाठीच्या मिस्सा यांना मोठे स्थान आहे. बाहेरच्या निरीक्षकाला ही पुण्यसंचयाची साधने वाटू शकतात, आणि भाविकांपैकी काहींची समजूत तशी असणेही शक्य आहे. चर्चची शिकवण मात्र त्यांना कृपेचा स्वीकार करण्याची तयारी मानते. संतांविषयीही हेच म्हणता येते. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया यांना ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे इतर २५ जणांसह क्रुसावर मृत्यू आला. १८६२ साली त्यांना संतपद मिळाले. संतांच्या पुण्याचा गौरव करताना देव स्वतःच्याच दानांना मुकुट घालतो, असा विचार ऑगस्टीनने मांडला होता; कॅथलिक चर्च संतभक्तीचे समर्थन याच विचाराने करते.

वसईतील मराठी लेखनाने या सिद्धांताला लोकांच्या भाषेत आणले. ‘सुवार्ता’ या मासिकाचे नावच शुभवर्तमान या अर्थाचे आहे. त्याचे दीर्घकाळ संपादक असलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२–२०२४) यांनी ‘सुबोध बायबल’ हा अनुवाद सिद्ध केला. या ग्रंथाला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला, आणि २०२० च्या उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद दिब्रिटो यांनी भूषवले. वसईतील पाणी व हरितपट्टा वाचवण्यासाठी आणि गुंडगिरीविरुद्ध उभ्या राहिलेल्या हरित वसई चळवळीचे त्यांनी नेतृत्व केले. धर्मगुरूने असल्या कामात पडावे का, अशी विचारणा तेव्हा होत असे. श्रद्धा आणि कृत्ये यांचा संबंध हा केवळ ग्रंथातला प्रश्न नसतो, हे त्या विचारणेवरून दिसते.

क्रिस्तपुराण

कृपा आणि तारण यांचे मराठीतील पहिले विस्तृत काव्यात्म निरूपण गोव्यातील इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) यांच्या ‘क्रिस्तपुराण’ या ग्रंथात आहे. तो १६१६ साली रायतूर येथे छापला गेला. सुमारे ११ हजार ओव्यांच्या या ग्रंथात स्वर्गासाठी वैकुंठासारखे रूढ शब्द वापरले आहेत. स्टीफन्स हे स्वतः प्रोटेस्टंट राजवटीतील इंग्लंड सोडून आलेले कॅथलिक होते; श्रद्धा आणि कृत्ये यांवरील वादाने दुभंगलेला समाज त्यांनी जवळून पाहिला होता. ग्रंथात मात्र त्यांनी वादाऐवजी कथन निवडले: सृष्टीची उत्पत्ती, आदिपुरुषाचे पतन आणि तारणाऱ्याची प्रतीक्षा.

पंडिता रमाबाईंचा अनुभव

मराठी ख्रिस्ती इतिहासात या सिद्धांताचे सर्वाधिक चर्चिले गेलेले उदाहरण पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचे आहे. त्यांच्या जीवनात कृत्ये आणि विश्वास यांचा क्रम पाठ्यपुस्तकातल्यासारखा सरळ नाही, म्हणूनच ते उदाहरण बोलके आहे.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे पुराणिक. कुटुंब वर्षानुवर्षे तीर्थयात्रा करीत असे. १८७० च्या दशकातील दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण दगावली. व्रते, दाने, तीर्थस्नाने यथासांग करूनही कोणी वाचले नाही, ही आठवण रमाबाईंनी पुढे आपल्या आत्मनिवेदनात नोंदवली. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यामागचे एक मोठे कारण त्यांनी पाहिलेली सेवा होते: वाँटेजच्या भगिनी लंडनजवळ फुलहॅम येथे समाजाने टाकलेल्या स्त्रियांना आश्रय देत. असल्या स्त्रियांना पुन्हा उभे करणारी शक्ती कोणती, हा प्रश्न रमाबाईंना ख्रिस्ताकडे घेऊन गेला. म्हणजे त्यांच्या बाबतीत दुसऱ्यांची कृत्ये आधी आली.

सिद्धांत त्यांनी मुकाट्याने स्वीकारला नाही. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा त्रैक्य, चर्चचा अधिकार इत्यादी विषयांवर झालेला पत्रव्यवहार उपलब्ध आहे. दुसऱ्याच्या विवेकबुद्धीवर विसंबून विश्वास ठेवण्यास त्यांनी ठाम नकार दिला. भारतात परतल्यावर १८८९ साली त्यांनी विधवांसाठी शारदा सदन सुरू केले. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, पण ख्रिस्त मिळालेला नाही, ही जाणीव त्यांना बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास झाली. इंग्रज धर्मोपदेशक विल्यम हॅस्लम यांचे आत्मकथन त्यांनी या काळात वाचले. धर्मोपदेशक असूनही आपले परिवर्तन झाले नव्हते, असे त्यात हॅस्लम सांगतात. आपल्या हातून होणारे लोकसेवेचे मोठे कार्यही देवासमोर भांडवल म्हणून मांडता येणार नाही, आणि ते मांडण्याची गरजही नाही, हा रमाबाईंना झालेला बोध होता.

त्यानंतर त्यांचे कार्य कमी झाले नाही, उलट वाढले. १८९६–९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणून केडगाव (जि. पुणे) येथे आसरा दिला. तेथील संस्थेचे ‘मुक्ती’ हे नाव मात्र त्यांनी जुन्याच शब्दसंपत्तीतून घेतले. १९०५ साली तेथे झालेल्या धार्मिक जागृतीची जगभरच्या पेंटेकोस्टल इतिहासांत नोंद आहे. आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचा सोप्या मराठीत अनुवाद करण्यात घालवली. तो त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली प्रसिद्ध झाला.

रमाबाईंच्या धर्मांतरावर महाराष्ट्रात तीव्र टीका झाली आणि शारदा सदनातील मुलींच्या धर्मांतराविषयी १८९३ साली मोठा वाद उसळला. कृपा हे दान असेल, तर आश्रयाच्या अन्नाशी त्याचा संबंध जोडला जाऊ नये, ही अपेक्षा टीकाकारांच्या आक्षेपातही गर्भित होती.

भक्तिपरंपरेशी तुलना

ईश्वरी कृपेचे प्राथम्य ही केवळ ख्रिस्ती कल्पना नाही. दक्षिणेतील श्रीवैष्णव संप्रदायात याच प्रश्नावरून दोन शाखा पडल्या. मांजर पिलाला तोंडात धरून नेते, पिलू काहीच करत नाही. माकडाचे पिलू मात्र आईला घट्ट धरून बसते. हे मार्जारन्याय आणि मर्कटन्याय ल्यूथर व ट्रेंट यांच्यातील मतभेद समजावून सांगण्यासाठी अनेक अभ्यासकांनी वापरले आहेत. उपमा अगदी तंतोतंत नाही, कारण ट्रेंटच्या मते पिलाच्या हातातील बळही आईचेच असते. जर्मन अभ्यासक रुडोल्फ ओटो यांनी या तुलनेवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

महाराष्ट्रात ही तुलना साहजिकच वारकरी संतांशी होते. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी भूमिका घेतली आणि अभंग व ओवी हे छंद ख्रिस्ती आशयासाठी वापरले. वसईचे पहिले बिशप थॉमस डाबरे यांचा प्रबंध तुकारामांच्या ईश्वरानुभवावर आहे. तुकारामांच्या अभंगांत स्वतःच्या पतितपणाची कबुली आणि विठ्ठलाच्या कृपेची आर्त मागणी वारंवार येते, आणि तेथवर साम्य स्पष्ट आहे. भेद असा की ख्रिस्ती सिद्धांतात कृपा एका विशिष्ट ऐतिहासिक घटनेशी, येशूच्या क्रुसावरील मृत्यूशी आणि पुनरुत्थानाशी, अविभाज्यपणे बांधलेली आहे. ही अट काढून टाकली तर दोन्ही परंपरा एकच बोलतात असे म्हणणे सोपे होते. पण त्यात दोघांवरही अन्याय होतो.

आक्षेप आणि समेटाचे प्रयत्न

या सिद्धांतावरील सर्वांत जुना आक्षेप पौलानेच नोंदवला आहे: कृपा अधिक व्हावी म्हणून पाप करीत राहावे काय? जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बोनहॉफर यांनी १९३७ साली, नाझी राजवटीपुढे झुकलेल्या चर्चकडे पाहत, ‘स्वस्त कृपा’ ही संज्ञा वापरून ल्यूथरच्याच वारसदारांवर टीका केली. ज्या क्षमेने जीवन बदलत नाही ती स्वस्त, असे त्यांचे म्हणणे होते. दुसरा आक्षेप ज्यू धर्माच्या चित्रणाविषयी आहे. ज्यू धर्म म्हणजे गुण मिळवून तारण कमावण्याचा धर्म, ही ख्रिस्ती लेखनात रूढ झालेली समजूत चुकीची असल्याचे ई. पी. सँडर्स यांनी १९७७ साली साधार दाखवले. तेथेही देवाची निवड आणि करार आधी येतो आणि आज्ञापालन ही त्याला दिलेली साथ असते. मराठीतील बरेचसे जुने प्रवचनवाङ्मय हे संशोधन होण्यापूर्वीचे आहे, हे ते वाचताना लक्षात ठेवावे लागते.

३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग येथे लुथरन जागतिक संघ आणि कॅथलिक चर्च यांनी नीतिमान ठरण्याच्या सिद्धांताविषयी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. मनुष्य स्वतःच्या गुणवत्तेमुळे नव्हे, तर ख्रिस्ताच्या तारणकार्यावरील विश्वासात केवळ कृपेने देवाला स्वीकारार्ह होतो आणि पवित्र आत्मा त्याला सत्कृत्यांसाठी सज्ज करतो, असे दोघांनी एकत्रितपणे मान्य केले. या पायावर सोळाव्या शतकातील परस्परांचे निषेध आजच्या भागीदारांना लागू होत नाहीत, असेही जाहीर झाले. मेथडिस्टांची जागतिक परिषद २००६ साली आणि रिफॉर्म्ड चर्चची जागतिक संघटना २०१७ साली त्यात सामील झाली. अनेक बॅप्टिस्ट आणि पेंटेकोस्टल मंडळ्या या प्रक्रियेबाहेर आहेत. वसई-विरारमधील ज्या दोन शेजाऱ्यांत आज तारणाविषयी वाद होतो, त्यांपैकी एकालाच हे घोषणापत्र बांधील आहे.